सीडीएसचा पसंतीक्रम: आई म्हणते नेव्ही, मला हवी इन्फन्ट्री (पायदळ). धोक्याचा हिशेब कसा मांडायचा?

भांडुपचा_मेकॅनिकल:

नमस्कार. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, वय २१. सीडीएसचा, म्हणजे सैन्यदलात अधिकारी होण्याच्या परीक्षेचा फॉर्म भरायला घेतलाय आणि पसंतीक्रमावर येऊन अडलोय. आयएमए (डेहराडूनची लष्करी अकादमी), एझिमलाची नौदल अकादमी, हवाई दल अकादमी (एएफए), ओटीए (चेन्नईची लष्करी अकादमी). इंजिनिअरिंग असल्यामुळे चारही दारं उघडी आहेत, आणि तीच पंचाईत झालीय.

फौजेत जायचं हे शाळेत एनसीसीत असल्यापासून पक्कं आहे, घरी त्यावर वाद नाही. बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर आहेत, आई ब्लाउज शिवते, बहीण बारावीला. आमच्या अख्ख्या नात्यात कुणी वर्दीत नाही, त्यामुळे प्रत्येकाचं मत ऐकीव. आई म्हणते, जायचंच असेल तर नेव्हीत जा, कुलाब्याला राहशील, सुट्टीला घरी येशील, समोर बंदूक घेऊन कुणी उभं नसेल. मामा म्हणतो, आर्मीच हवी तर एएससी (रसद-वाहतूक) नाहीतर ऑर्डनन्स (दारूगोळा आणि साहित्य) माग. पगार तोच, हुद्दा तोच, गोळी मात्र दुसऱ्याला. हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. क्लासमधली पोरं म्हणतात, इन्फन्ट्री नसेल तर फौजेत जायचंच कशाला. बाबा काहीच म्हणत नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात अग्निवीर मुरली नाईक नियंत्रण रेषेवर शहीद झाला. त्याचे आईवडील घाटकोपरला कामराज नगरात राहायचे, आमच्यापासून तीन स्टेशनं. तेव्हापासून हा विषय निघाला की बाबा उठून गॅलरीत जातात.

मला इन्फन्ट्री हवी आहे. मिळाली तर मराठा लाइट इन्फन्ट्री. पण रात्री पडल्यावर एक प्रश्न पाठ सोडत नाही: ही ओढ खरी आहे, की या वयात मरण आपल्याला लागू आहे असं वाटतच नाही म्हणून? मी गेलो तर मला काही कळणार नाही, जे भोगायचं ते आईला. मग हा धोका पत्करायचा हक्क किती माझा आणि किती तिचा?

कुठल्या शाखेत नेमका कसला धोका असतो, नोकरीतल्या कुठल्या वर्षांत असतो आणि तो कमी करणं आपल्या हातात किती असतं, हे ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. "धोका तर रस्त्यावरही असतो" हे कृपया नको. ते मी आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, रस्त्यावर तुला मारायला कुणी बसलेलं नसतं. तिचं बरोबर आहे.

---

इंजिनरूमवाला_चीफ:

नौदलात आर्टिफिसर (यंत्रांचा तंत्रज्ञ) होतो, चीफ म्हणून निवृत्त झालो, आता कल्याणला असतो. मूळचा मालवणचा. तुझ्या आईच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण तिची काळजी खरी आहे, माहिती मात्र अपुरी आहे.

पहिलं, नेव्ही म्हणजे कुलाबा नव्हे. विशाखापट्टणम, कोची, कारवार, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), कुठेही टाकतील. आणि मुंबईत पोस्टिंग मिळालं तरी जहाज जेट्टीला किती आणि बाहेर किती हे घरच्यांनी ठरवायचं नसतं.

दुसरं, समोर बंदूकवाला नाही हे खरं. पण समुद्रावर धोका वाटून येत नाही. ९ डिसेंबर १९७१ ला दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपल्या खुकरी जहाजाला टॉर्पेडो मारला, तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. तिथे स्वयंपाकी, सिग्नलवाला, इंजिनवाला असा फरक झाला नाही. जहाजावर पाऊल ठेवलं की सगळे एकाच तळावर उभे. ज्याला ही बरोबरी आवडते त्याने नेव्हीत यावं.

शांततेच्या काळात आम्हाला भीती असते आगीची, धुराची आणि दारूगोळ्याची. १४ ऑगस्ट २०१३ ला सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले, आतले १८ जण गेले. कुठे? मुंबईच्या नौदल गोदीत, गेटवेपासून हाकेच्या अंतरावर. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळच्या समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीत धूर झाला, दोन तरुण अधिकारी गेले, आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. १८ जानेवारी २०२२ ला रणवीर जहाजावर स्फोट झाला, तीन जण गेले, तेही मुंबईच्याच गोदीत. हे तुझ्या आईला घाबरवायला सांगत नाही. "मुंबईत आहे म्हणजे सुरक्षित आहे" या समजुतीवर तुझं आयुष्य ठरू नये, एवढ्यासाठी सांगतो.

आता आपल्या हातात किती, तर बरंच. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर आग विझवायचं आणि गळती रोखायचं शिक्षण देतात. अंधारात, पाणी आत भरत असताना लाकडी पाचर ठोकायची, धुरात दोर धरून बाहेर यायचं. कंटाळा येईल इतक्यांदा करून घेतात. मन लावून केलेल्या माणसाचे हात प्रसंगी आपोआप चालतात, हे मी स्वतः इंजिनरूममध्ये तेलाला आग लागली तेव्हा पाहिलंय. पाणबुडी आणि मार्कोस (नौदलाचे कमांडो) यांच्यासाठी नाव स्वतःहून द्यायचं असतं. म्हणजे नेव्हीच्या आतही तुझा धोका वाढवायची किल्ली बऱ्यापैकी तुझ्याकडे राहते.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. सातव्या वेतन आयोगाने भत्त्यांसाठी धोका आणि कष्ट यांचा तक्ताच केला. २०१७ मध्ये तो लागू झाला तेव्हा उड्डाण, पाणबुडी आणि स्पेशल फोर्सेस एकाच, वरच्या घरात होते: अधिकाऱ्याला महिना २५,००० रुपये. त्याच्याही वर एकट्या सियाचिनचं वेगळं घर: अधिकाऱ्याला ४२,५००, जवानाला ३०,०००. कुठलं काम किती अवघड हे सरकारने पैशात कसं मोजलंय ते मामाला दाखव. वादापेक्षा तक्ता लवकर पटतो.

कानांचं मात्र तक्त्यात नसतं. इंजिनरूममध्ये नोकरी काढलेल्यांना विचार, नातवंडांशी फोनवर बोलताना काय होतं ते. आवाज रोखणारे इअरमफ पहिल्या दिवसापासून कानावर घालायचे. आणि घरी कुणाचं काही झालं तर वेळेवर पोचता येईलच याची खात्री नाही, हेही आईला आत्ताच सांग. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात सगळे किनारा गाठत होते तेव्हा कोची आणि कोलकाता ही जहाजं पी-३०५ बार्जवरच्या माणसांना काढायला बाहेर निघाली होती. त्या रात्री त्या जहाजांवरच्या पोरांच्या आयाही मुंबईतच जाग्या होत्या. मला विचारशील तर ती रात्र आमच्या नोकरीचं सार्थक आहे.

---

ठाण्याची_ताई:

माझे यजमान एएससीत होते, म्हणून तुझ्या मामांच्या वाक्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

"गोळी दुसऱ्याला" असं काही नसतं. सर्व्हिसेसच्या, म्हणजे एएससी-ऑर्डनन्ससारख्या शाखांच्या तरुण अधिकाऱ्याला सुरुवातीचा काळ इन्फन्ट्री पलटणीबरोबर काढावा लागतो. कारगिलमध्ये कॅप्टन नेइकेझाकुओ केंगुरुसे हे एएससीचेच अधिकारी होते, २ राजपुताना रायफल्सबरोबर होते. २८ जून १९९९ ला द्रासच्या कड्यावर पकड मिळावी म्हणून त्यांनी त्या थंडीत बूट काढले आणि अनवाणी चढले. मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. शिवाय दहशतवाद्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्समध्ये माणसं सगळ्या शाखांतून जातात. माझे यजमानही गेले होते.

आणि ऑर्डनन्स म्हणजे गोदाम सांभाळणं, असं म्हणणाऱ्याने पुलगाव आठवावं. आपल्या वर्धा जिल्ह्यातलं. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तिथल्या दारूगोळा भांडाराला आग लागली, त्यात गेलेल्यांमध्ये दोन अधिकारी होते आणि बरेचसे भांडाराचे अग्निशमन कर्मचारी होते. एएससीचं बघ: ताफे, घाट, बर्फ, रात्री ट्रक. २३ डिसेंबर २०२२ ला उत्तर सिक्कीममध्ये लष्कराचा ट्रक दरीत गेला, १६ जवान गेले, एकही गोळी न सुटता. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये फौज सीमेवर जमवली, युद्ध झालंच नाही, तरी शेकडो जवान गेले. त्यात सुरुंग पेरताना आणि काढताना गेलेले इंजिनिअर्सही होते. आणि मे २०२५ मध्ये उधमपूरच्या हवाई तळावर शहीद झालेले सार्जंट सुरेंद्र कुमार वैद्यकीय सहायक होते.

तरीही "सगळीकडे सारखाच धोका" असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. इन्फन्ट्रीत आणि काश्मीरच्या राष्ट्रीय रायफल्समध्ये धोका जास्त असतो. फरक आहे. पण तो लोकांना वाटतो तेवढा नाही, आणि त्या फरकासाठी न आवडणारं काम वीस वर्षं करणं मला पटत नाही. यजमानांना रसद पोचवण्यात खरंच रस होता. डिसेंबरात रस्ता बंद व्हायच्या आत लेहकडे किती टन केरोसीन, किती पीठ जायला हवं याचा हिशेब ते जेवताना करायचे. अशा माणसाने एएससी मागावी. मरणाला चुकवण्यासाठी मागणाऱ्याचं लक्ष कामात राहत नाही, आणि घाटात लक्ष नसलेला ताफाप्रमुख सगळ्यांना धोक्यात घालतो.

दुसरी गोष्ट, जी पुरुषमंडळी बोलत नाहीत. पैसा. माणूस कसा गेला यावर मागच्यांचं काय ते ठरतं. लढाईत गेलेल्याच्या कुटुंबाला उदारीकृत कौटुंबिक पेन्शन मिळते, शेवटच्या मूळ वेतनाइतकी. सेवेमुळे झालेल्या अपघातात किंवा आजारात विशेष कौटुंबिक पेन्शन, ती ६० टक्के. अविवाहित मुलाच्या आईवडिलांचा नियम पुन्हा वेगळा, तो वाचून घे. अग्निवीराला विमा ४८ लाखांचा आहे, सेवेमुळे मृत्यू झाला तर सानुग्रह ४४ लाख, पण कुटुंबाला पेन्शन नाही. म्हणून सांगते, कमिशनसाठी, म्हणजे अधिकारीपदासाठी, जीव तोडून अभ्यास कर. तोच धोका अधिकारी म्हणून घेतलास तर आईच्या मागे आयुष्यभराचा आधार राहतो. हे बोलायला कठीण आहे, पण बाबांसमोर बसून बोल.

---

चेंबूरकर_स्मिता:

भाऊ हवाई दलात पायलट आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. एएफए "असू दे एक पर्याय" म्हणून तिसरी टाकू नकोस. बाकी शाखांत धोका पोस्टिंगप्रमाणे चढतो-उतरतो. उड्डाणात तो शांततेतही दर खेपेला सोबत असतो. मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं, पण त्याच वर्षी ९ जुलैला राजस्थानात चुरूजवळ जग्वार पडलं आणि दोन वैमानिक गेले, ती सरावाचीच खेप होती. भावाला लहानपणापासून दुसरं काही सुचलंच नाही, म्हणून आम्ही घरचे हे सोसतो. तुझ्या पोस्टमध्ये विमान हा शब्द एकदाही नाही. आणि पायलटची निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, ती अर्ध्या मनाने देऊन वाया घालवू नये.

---

सुभेदार_साताराकर:

बाळा, मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. बेळगावला घडलो, सुभेदार म्हणून आलो, सध्या कुर्ल्याला एका सोसायटीची सुरक्षा बघतो. आमच्या साताऱ्यात अपशिंगे म्हणून गाव आहे, नावापुढेच मिलिटरी लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण मारले गेले आणि अजून घराघरातून पोरं भरती होतात. त्या आयांना धोका कळत नाही असं नाही. तुझ्या आईपेक्षा जास्त कळतो. म्हणून तिच्या भीतीला कमी लेखू नको.

आधी एक व्यवहाराचं. आयएमए पहिलं टाकलंस म्हणजे इन्फन्ट्री मिळाली असं नाही. शाखा अकादमीत शेवटी ठरते. पसंती विचारतात, पण गुणक्रम, जागा आणि मेडिकल बघून देतात. तू मेकॅनिकलवाला, तुला ईएमईत (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारी शाखा) टाकतील असंही होईल. तेव्हा आत्ता फक्त एवढंच ठरव: जमीन, पाणी की आकाश.

आता इन्फन्ट्रीचं. लेफ्टनंट ते मेजर ही पहिली दहा-बारा वर्षं जोखमीची, कारण पलटणीत तरुण साहेब पुढे असतो. पुढे वरच्या हुद्द्यावर धोका उतरतो म्हणतात, पण आमच्याच जिल्ह्याचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले तेव्हा ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते आणि जंगलात पुढे होते. हक्क किती तुझा आणि किती घरच्यांचा विचारतोस ना? त्यांच्या पत्नी स्वातीताई दोन मुलांना घेऊन खचून बसल्या नाहीत, चेन्नईच्या ओटीएतून २०१७ साली स्वतः अधिकारी झाल्या. घरच्यांनाही स्वतःचा निर्णय असतो. तू त्यांच्या वतीने सगळं आधीच ठरवू नको, त्यांना विचार.

पलटण सारखी आघाडीवर नसते. फील्ड (आघाडीचं पोस्टिंग) झालं की पीस (शांत छावणी). पीसमध्ये परेड, खेळ, बायकापोरं. फील्डमध्येही सगळे दिवस गोळीचे नसतात. मी सियाचिनला होतो. १९८४ पासून आपण तिथे आहोत आणि तिथे गोळीपेक्षा हवेने जास्त माणसं नेली. २००३ पासून तर गोळीबारही बंद आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत सोनम चौकीवर हिमकडा कोसळला, १९,६०० फुटांवर, दहाचे दहा गेले. लान्स नाईक हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत निघाला आणि दिल्लीत इस्पितळात वारला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाण्याचा अग्निवीर अक्षय गवते सियाचिनलाच शहीद झाला. तिथं शत्रू म्हणजे ओला मोजा. एक घामेजलेला मोजा तसाच ठेवला की बोट जातं. रात्री प्रत्येक जवानाचे पाय बॅटरी लावून बघणारा साहेब आम्हाला मिळाला, चोवीस-पंचवीसचा पोरगा होता. रोज बघायचा, न कंटाळता. आमच्या तुकडीतले सगळे पायांची दहाही बोटं घेऊन खाली आले.

हेच तुला सांगायचं होतं. तू जवान म्हणून नाही, साहेब म्हणून चाललास. तुझ्या सगळ्या लिहिण्यात धोका म्हणजे तुझा जीव आणि आईचं दुःख. पहिल्याच पोस्टिंगला तुझ्या हाताखाली तीस-पस्तीस माणसं असतील, त्यांनाही आया आहेत. तेव्हा शाखा निवडताना असं विचार की कुठलं काम मी इतकं चांगलं करीन की माझ्यामुळे दुसरा मरणार नाही. तुला डोंगरात थकल्यावर डोकं शांत ठेवता येतं का? नकाशा रात्री वाचता येतो का? माणसांच्या घरच्या अडचणी लक्षात राहतात का? असेल तर इन्फन्ट्रीत ये, मनापासून ये. यंत्र उघडलं की तुझा जीव रमतो असं असेल तर इंजिनिअर्स, ईएमई किंवा नेव्ही, तिथंही तुझ्या हातावर शंभर जणांचा भरवसा असतो. शूर दिसण्यासाठी इन्फन्ट्री मागणारा पोरगा आम्हा जुन्या लोकांना पहिल्या आठवड्यात ओळखू येतो, आणि त्याच्यामागे जायला जवानाचं पाऊल जड होतं.

आईला माझा नमस्कार सांग.

---

भांडुपचा_मेकॅनिकल:

सगळ्यांचे उत्तर दोनदा वाचले, आईला मोठ्याने वाचून दाखवले. पुलगावचं ऐकून मामा गप्प झाला. आई सिंधुरक्षकवर थांबली आणि म्हणाली, म्हणजे मी तुला कुठेच लपवू शकत नाही. मग बराच वेळ शिवत बसली.

सुभेदार काका, तुमच्या प्रश्नांवर विचार केला. सह्याद्रीत ट्रेकला दरवेळी मीच शेवटी चालतो, मागे पडलेल्यांना घेऊन, आणि ते मला जड वाटत नाही. रात्रीचा नकाशा मात्र येत नाही, तो शिकायला सुरुवात करतो. क्रम असा ठेवतोय: आयएमए, नौदल अकादमी, ओटीए. एएफए काढली, स्मिताताई. टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सची जाहिरात आली की तिथेही अर्ज करणार, म्हणजे इंजिनिअर्स आणि ईएमईचं दार उघडं राहील.

आईची एक अट आहे. अकादमीत शाखेची पसंती लिहायची वेळ येईल तेव्हा आधी तिला फोन करायचा. मान्य केली.

ताई, एक विचारायचं होतं. कागदपत्रांच्या बाजूने आत्तापासून काय करून ठेवू?

---

ठाण्याची_ताई:

आईचं स्वतःचं, एकटीच्या नावाचं बँक खातं काढ. आहे म्हणालास तरी ते चालू आहे का बघ. तिचं आधार, पॅन, रेशनकार्ड आणि तुझा शाळा सोडल्याचा दाखला एकत्र ठेवून तिचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे अक्षरशः एकसारखी आहे का तपास. एकीकडे माहेरचं नाव, एकीकडे सासरचं, असं असेल तर गॅझेटमध्ये नाव प्रसिद्ध करून आत्ताच दुरुस्त कर, भरतीनंतर रजेत हे होत नाही. बाबांचंही तसंच. रुजू झाल्यावर वारस म्हणून जी नावं देशील ती याच कागदांशी ताडून पाहतात. लग्न झालं, मूल झालं की ती नोंद त्याच महिन्यात युनिटच्या ऑफिसात बदलून घ्यायची. आणि बाहेरचा टर्म विमा घ्यायचा असेल तर युद्ध आणि उड्डाणाबद्दलचं अपवादाचं कलम आधी वाच, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.